काचेतले पाणी, खडकातले पाणी

घरात काचेच्या टाकीत मासे पाळण्याचा छंद आता लहान गावांतही रुजला आहे. परभणी जिल्ह्यातील पूर्णा हे रेल्वेचे जंक्शन. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. तेथील एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या घरी आमच्या पाहण्यात आलेल्या अशाच एका टाकीने आम्हांस विचारात पाडले.

तीत ना रंगीत खडे होते, ना प्लास्टिकची झाडे. काळ्या पाषाणाचे चार तुकडे, त्यांमधील कपारी आणि अवघे पाच लहान मासे. इतके कमी का, असे विचारता कॉलेजात शिकणारा तो मुलगा म्हणाला, “फादर, वांद्र्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी खडकांतली डबकी पाहिली. एवढ्याशा पाण्यातही प्रत्येकाला लपायला जागा असते. माझ्या टाकीत ती कुणालाच नव्हती.”

मुंबईच्या किनाऱ्यावर २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाने नागरिकांना अशी डबकी दाखविण्याचे काम चालविले आहे. कालवे, फुलासारखे दिसणारे समुद्रफूल, रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारा खेकडा अशी मंडळी तेथे नांदतात. त्यांचे जीवन मात्र सुखाचे नाही. ओहोटीत डबके समुद्रापासून तुटते. उन्हाने पाणी तापते, खारटपणा वाढतो. पावसात तेच पाणी अळणी होते. रात्री शेवाळही प्राणवायू वापरू लागते. तरीही हे जीव तगतात, कारण दिवसातून साधारण दोन वेळा भरती येते आणि जुने पाणी नेऊन नवे देते.

काचेच्या टाकीला भरती नाही. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. सूक्ष्म जंतू त्याचे आधी नायट्राइट व मग त्यामानाने सौम्य असे नायट्रेट करतात. पण ते साचतच राहते. म्हणून आठवड्याला काही पाणी बदलावे लागते. भरतीचे काम पाळणाऱ्याच्या हाताला करावे लागते, त्यात खंड पडून चालत नाही. दाटी कमी, आसरा पुरेसा आणि पाणी नवे, हा धडा त्या मुलाने खडकांकडून घेतला.

मात्र त्याने तेथून एकही जीव आणला नाही, हे आम्हांस अधिक मोलाचे वाटले. इंग्लंडमधील फिलिप हेन्री गॉस हा भाविक निसर्गअभ्यासक. त्याच्या १८५४ सालच्या ‘द ॲक्वेरियम’ या ग्रंथाने समुद्रजीव पाळण्याचे वेड देशभर पसरविले. निर्मात्याची थोरवी लोकांस दिसावी, हा त्याचा हेतू. परंतु बादल्या घेऊन आलेल्या हौशी लोकांनी किनाऱ्यावरची डबकी ओरबाडून नेली. त्याचा पुत्र एडमंड याने १९०७ साली ‘फादर अँड सन’ या आत्मकथनात त्याबद्दल खंत व्यक्त केली. हेतू निर्मळ असला, तरी प्रेमाला हाव सुटली की प्रिय वस्तूच नाहीशी होते. आपल्याकडे प्रवाळ व समुद्रघोडा यांना कायद्याचे संरक्षण आहे, ते याचसाठी.

उलट दिशेनेही हानी होते. कंटाळा आला की टाकीतले मासे नदीत सोडून देण्यास काहीजण पुण्य समजतात. दक्षिण अमेरिकेतील सकर मासा उजनी जलाशयात सापडू लागला आहे. असा परका मासा स्थानिक माशांच्या व मच्छीमारांच्या मुळावर येतो.

वांद्र्याचा आणि पूर्णेचा काळा खडक एकाच कुळीचा; सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून दख्खनचा हा पाषाण घडला. उन्हाळ्यात पूर्णा नदीची धार क्षीण झाली म्हणजे तिच्या पात्रातही डबकी उरतात. तेथे पावसाची वाट पाहत चिमुकले मासे तग धरून असतात. मुलांनी मत्स्यपेटीचा हट्ट धरला, तर पालकांनी बाजारात जाण्यापूर्वी त्यांना अशा एखाद्या पाण्याकाठी तासभर बसवावे. त्यांनी पाहावे, मोजावे, वहीत चित्र काढावे आणि उचललेला दगड होता तसाच परत ठेवावा. पेटी त्यानंतर आणली तरी चालेल.