किती लाविलीं आणि किती जगलीं

शाळेच्या वार्षिक अहवालांत विद्यार्थ्यांच्या सेवामंडळाविषयीं बहुधा एक वाक्य ठरलेलें असतें: ‘या वर्षीं मंडळानें इतकीं झाडें लाविलीं.’ वाक्य खरें असतें, आणि तें ऐकून पालकांस व गुरुजनांस समाधानहि वाटतें. परंतु त्याच्या पाठोपाठ दुसरें एक वाक्य यावयास हवें: ‘गेल्या वर्षीं लाविलेल्यांपैकीं इतकीं जगलीं.’ अशा एका मंडळाचा मार्गदर्शक शिक्षक म्हणून कांहीं वर्षें मीं मुलांच्या सहवासांत घालविलीं. त्या अनुभवावरून माझें असें मत बनलें आहे कीं, मंडळाची खरी योग्यता या दुसऱ्या वाक्यावरूनच ठरते.

ज्यांस अशा मंडळांची माहिती नसेल त्यांच्याकरितां थोडा पूर्ववृत्तांत सांगतों. गांवांतील एखादी प्रौढांची सेवासंस्था शाळेंतील मुलांच्या मंडळाची पुरस्कर्ती होते. मात्र अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार मुलें आपणांतूनच निवडतात. अमेरिकेंत किवानिस संस्थेच्या आश्रयानें १९२५ सालीं कॅलिफोर्नियांतील सॅक्रामेंटो येथील हायस्कुलांत पहिला ‘की क्लब’ निघाला. लायन्स संस्थेच्या छायेखालीं १९५७ सालीं पेनसिल्व्हेनियांत ‘लिओ क्लब’ आणि रोटरीच्या पुढाकारानें १९६२ सालीं फ्लोरिडांतील मेलबर्न हायस्कुलांत ‘इंटरॅक्ट क्लब’ जन्मास आला. इंटरॅक्टमध्यें १२ ते १८ वर्षांच्या मुलामुलींस प्रवेश असतो. वर्षांतून निदान दोन कार्यें हातीं घ्यावीं, एक शाळेच्या अथवा गांवाच्या उपयोगाचें आणि दुसरें देशोदेशींच्या लोकांत सलोखा वाढविणारें, असा त्याचा नियम आहे.

नांवें परकीं वाटलीं तरी कल्पना आपणांस परकी नाहीं. पॉल हॅरिस यांनीं रोटरीची स्थापना शिकागो येथें २३ फेब्रुवारी १९०५ रोजीं केली. आणि त्याच तारखेस, २९ वर्षांपूर्वीं, म्हणजे २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं, आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यांत शेंडगांव येथें गाडगेबाबा जन्मास आले. बाबा ज्या गांवीं जात तेथील रस्ते दिवसा खराट्यानें झाडीत आणि रात्रीं कीर्तन करीत. आधीं हात आणि मग वाणी, हा त्यांचा क्रम कोणत्याहि सेवामंडळानें गिरविण्यासारखा आहे.

आमच्या मंडळानें २०१७ च्या पावसाळ्यांत शाळेकडे येणाऱ्या रस्त्याच्या कडेस कडुनिंब व करंज यांचीं ४० रोपें लाविलीं. यवतमाळांत रोप लावणें सोपें. त्यास वैशाख पार करविणें कठीण. आषाढांत मुलांचा उत्साह आणि आभाळाचें पाणी हाताशीं असतें. वैशाखांत ऊन ४५ अंशांच्या आसपास जातें, शाळेस सुटी असते, आणि रोपास माणसाची सर्वांत अधिक गरज असते नेमकें तेव्हांच तेथें कोणी नसतें. त्यांत त्या वर्षीं पाऊस अपुरा झाला. २०१८ च्या उन्हाळ्यांत शहरास पाणी पुरविणाऱ्या निळोणा व चापडोह धरणांनीं तळ गाठला, नळास कित्येक दिवसांच्या अंतरानें पाणी येऊं लागलें, आणि गल्लोगल्लीं टँकरची वाट पाहणाऱ्या घागरींच्या रांगा लागल्या.

अशा वेळीं झाडांस पाणी घालावें काय? सुटी लागण्यापूर्वींच एका पालकांनीं मला रोखठोक विचारलें, “गुरुजी, घागरभर पाण्यासाठीं आम्ही रात्र रात्र जागतों, आणि तुमचीं मुलें तें झाडांच्या मुळाशीं ओततात, हें कसें?” प्रश्न न्याय्य होता. मीं तो जसाच्या तसा मंडळाच्या सभेपुढें ठेविला. कोणी म्हणालें, झाडें सोडून द्यावीं; कोणी म्हणालें, वर्गणी काढून टँकर विकत घ्यावा. पहिल्या सूचनेंत धीर नव्हता आणि दुसरींत विचार नव्हता. कारण विकतचा टँकर म्हणजे कोणाच्या तरी रांगेंतून काढलेलें पाणी. शेवटीं इयत्ता नववींतील एक मुलगी उभी राहिली. “पिण्याच्या पाण्याचा एक थेंबहि घ्यावयाचा नाहीं. तांदूळ धुतलेलें, भाजी धुतलेलें पाणी प्रत्येकानें घरीं डब्यांत सांठवावें आणि तेंच घालावें,” ती म्हणाली. साबणाचें पाणी वर्ज्य ठरलें. २० सभासदांस प्रत्येकीं दोन झाडें वांटून दिलीं गेलीं, आणि चिटणिसानें एक वही घातली: तारीख, झाडाचा क्रमांक, पाणी कोणीं घातलें.

मे महिन्यांत एका मुलाच्या नांवापुढें सलग आठ दिवस ‘पाणी आलें नाहीं’ असा शेरा पडला. मंडळांत कुरकुर सुरू झाली. अध्यक्ष चौकशीस त्याच्या घरीं गेला, तेव्हां कळलें कीं आईबाप मजुरीस जातात, आजी अंथरुणास खिळलेली आहे, आणि टँकरच्या रांगेंत उभें राहण्याचें काम या एकट्या मुलाकडे आहे. तांदूळ धुतलेलें पाणीहि त्या घरीं भांडीं विसळण्यास लागे. त्याचीं दोन झाडें दुसऱ्या दोघांनीं आपणांकडे घेतलीं. एवढ्यावर न थांबतां मुलें पाळीपाळीनें त्या गल्लींत जाऊन, ज्या घरांत म्हातारीं माणसें एकटीं होतीं त्यांच्या घागरी घेऊन रांगेंत उभीं राहूं लागलीं. हें काम कोणत्याहि कार्यक्रमपत्रिकेंत नव्हतें. वहींतल्या त्या आठ शेऱ्यांनीं तें दाखवून दिलें.

पावसाळा लागला तेव्हां ४० पैकीं २७ रोपें जिवंत होतीं. उरलेल्या १३ क्रमांकांपुढें कारणें लिहिलेलीं होतीं: शेळ्यांनीं खाल्लें, वाळवी लागली, ऊन सोसलें नाहीं. पुरस्कर्त्या संस्थेचे सभासद १०० नवीं रोपें देण्यास आनंदानें सिद्ध होते. मुलांनीं वही त्यांच्यापुढें ठेविली आणि नम्रपणें सांगितलें, “आम्हांस तेराच द्यावीं, आणि उरलेल्या पैशांत रोपांभोंवतीं कुंपण करून द्यावें.” वडील मंडळी क्षणभर स्तब्ध झाली, मग त्यांनीं वही पानोपान चाळली आणि तें मान्य केलें. शंभरांस रुकार देणें सोपें होतें, छायाचित्रहि शोभिवंत आलें असतें. आपल्याच्यानें निभेल तेवढेंच वचन देण्याचा संयम १४-१५ वर्षांच्या मुलांनीं दाखविला, याचें मला मोठें कौतुक वाटलें.

पालकांपैकीं कित्येकांस वाटतें कीं, अशा मंडळांत अभ्यासाचा वेळ फुकट जातो. ही भीति अगदींच निराधार नाहीं. हारतुरे आणि भाषणें एवढेंच मंडळाचें काम असेल तर तो जातोच. परंतु ज्या मुलास सभेचा वृत्तांत लिहितां येतो, रुपयान् रुपयाचा हिशेब देतां येतो, विरुद्ध मत शांतपणें ऐकतां येतें आणि दिलेला शब्द सुटींतहि पाळतां येतो, तें मूल कांहीं शिकलें नाहीं असें कोण म्हणेल?

विद्यार्थिमित्रांनो, येत्या जूनमध्यें शाळा उघडेल तेव्हां तुमच्यापैकीं कोणी अध्यक्ष होईल, कोणी चिटणीस होईल. नवा संकल्प करण्यापूर्वीं आधींच्या मंडळाची वही मागून घ्या आणि ती शेवटच्या पानापर्यंत वाचा. जें अर्धें राहिलें असेल तें तुमचें पहिलें काम समजा. तें करण्यास मिरवणूक लागत नाहीं आणि फारसा पैसाहि लागत नाहीं. ठरलेल्या दिवशीं ठरलेल्या ठिकाणीं आपण हजर असलों म्हणजे पुरे.