मामांची रिव्हॉल्वरं आणि माझा उजवा कान

दिव्यातल्या माझ्या दवाखान्यात नेहमी येणाऱ्यांना माझी एक सवय माहीत आहे. पेशंट बोलायला लागला की मी मान जराशी वळवून डावा कान पुढे करतो. तेवढ्यात स्टेशनातून भोंगा वाजवत जलद गाडी गेली, तर "काय म्हणालात?" असं दोनदा विचारतो. काही जणांना वाटतं डॉक्टरांचं लक्ष नाही. तसं नाही. माझ्या उजव्या कानाला थोडं कमी ऐकू येतं आणि त्यात कायम एक बारीक शिट्टी वाजत असते. आज त्या शिट्टीची गोष्ट सांगतो, कारण गेल्या वर्षी ती पुन्हा माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

माझे मामा साताऱ्याकडच्या गावात राहायचे. त्यांना जुन्या शस्त्रांचा नाद. परवान्यावर तीन होती: एक बाराबोरची बंदूक आणि दोन बत्तीस बोरची रिव्हॉल्वरं. एक वेब्ली, बर्मिंगहॅमचं. दुसरं त्याहून जुनं, स्मिथ अँड वेसनचं. खटका दाबला की ते मधून दुमडायचं आणि रिकामी काडतुसं आपोआप वर यायची. मामा ते उघडून दाखवायचे तेव्हा आम्ही भाचे श्वास रोखून बघायचो. कारागिरी खरोखर बघण्यासारखीच होती.

मामांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "वाजवलं नाही तर ते लोखंडच." म्हणून खंडेनवमीला पूजा झाली की दसऱ्याला शेताच्या बांधाकडे एक बार निघायचा. कायद्यात ते बसतं का, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. 1989 साली मी सतरा वर्षांचा होतो. नीट दिसावं म्हणून मामांच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर उभा राहिलो. माझा उजवा कान रिव्हॉल्वरकडे होता. चाप ओढला गेला आणि क्षणात सगळं गाव मुकं झाल्यासारखं वाटलं. मामांचे ओठ हलताना दिसत होते, शब्द येत नव्हते. संध्याकाळपर्यंत ऐकू यायला लागलं, पण शिट्टी राहिली. "उतरेल दोन दिवसांत," असं सगळे म्हणाले. ती अजून उतरलेली नाही.

एका बाराने एवढं काय होतं?

आपण बोलतो तो आवाज साधारण 60 डेसिबलचा. रिव्हॉल्वरचा बार साधारण 155 ते 165 डेसिबलपर्यंत जातो. आकडे अडीचपट वाटतात, पण हिशेब तसा नाही. दर 10 डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते. अशा अचानक आवाजासाठी जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी 140 आणि लहान मुलांसाठी 120 डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. म्हणजे पहिलाच बार मर्यादेच्या बाहेर असतो.

रिव्हॉल्वरची आणखी एक खोड आहे. गोळ्यांचं फिरतं चक्र आणि नळी यांच्यामध्ये बारीक फट असते. बार उडताना तिथून तापलेला वायू आणि शिशाचे कण बाजूला फेकले जातात. त्यामुळे चालवणाऱ्याच्या बाजूला उभा राहणारा सुरक्षित नसतो. मी नेमका तिथे होतो.

आपल्या आतल्या कानात शंखासारखा एक भाग असतो. त्यात 15 ते 16 हजार सूक्ष्म केसपेशी असतात. ध्वनीची लहर आली की त्या वाऱ्यावरच्या गवतासारख्या डोलतात आणि मेंदूला संदेश देतात. बाराच्या दणक्याने त्या मोडतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. सर्वांत आधी मार बसतो तो उंच पट्टीच्या पेशींना. माझ्या ऑडिओग्रामवर 4000 हर्ट्झपाशी रेघ खड्ड्यात पडते. आवाजाने बिघडलेल्या कानाची ही ठरलेली खूण आहे. अशा माणसाला बोलणं ऐकू येतं, पण 'स', 'श', 'फ' निसटतात. गर्दीत तर शब्दच लागत नाहीत. सुदैवाने हृदयाचे ठोके खालच्या पट्टीतले असतात, त्यामुळे माझ्या स्टेथोस्कोपचं काम अडत नाही. अडतं ते एखादी आजी हळू आवाजात काही खासगी सांगते तेव्हा.

हात काळे होतात, ते कशाने?

बार काढून झाला की मामा ओसरीवर बसून जुन्या धोतराच्या फडक्याने नळी पुसायचे. हात काळे व्हायचे. मग ते तसेच पाटावर. त्या काळ्या थरात शिसं असतं, गोळीतलं आणि काडतुसाच्या टोपीतलंही. हाताला लागलेलं शिसं भाकरीबरोबर पोटात जातं, धुरातलं श्वासातून जातं. रक्तातलं प्रमाण काही आठवड्यांत उतरतं, पण हाडांत ते अनेक वर्षं राहतं. पोटदुखी, बद्धकोष्ठता, रक्त कमी होणं, चिडचिड, हातापायांना मुंग्या अशी त्याची लक्षणं आहेत आणि ती दुसऱ्याच आजारांच्या नावावर खपतात. मुलांच्या आणि गर्भातल्या बाळाच्या मेंदूसाठी तर शिशाची कोणतीच मात्रा सुरक्षित मानत नाहीत. जे नियमित नेमबाजी करतात त्यांनी रक्तातल्या शिशाची तपासणी जरूर करावी, हात साबणाने धुवावेत आणि ते कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत.

मग वाजवावं की नुसतं जपावं?

मामा गेल्या वर्षी गेले. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर दोनच शस्त्रं ठेवता येतात, म्हणून बाराबोरची त्यांनी आधीच जमा केली होती. दोन्ही रिव्हॉल्वरं उरली. मामी म्हणाली, "अरे, तूच घे. तुलाच त्याची माया." आणि खोटं कशाला बोलू, मोह झाला. परवान्यासाठी अर्ज करावा, दसऱ्याला मामांच्या नावाने एक बार काढावा, असंही मनात आलं.

मग डॉक्टर म्हणून विचार केला. एकोणिसाव्या शतकात घडवलेली बरीच रिव्हॉल्वरं काळ्या दारूसाठी बनवलेली होती. आजच्या धूर न करणाऱ्या दारूचा दाब त्यांना झेपेलच असं नाही. शंभर वर्षांत चक्र सैल होतं, नळीशी त्याची ओळ चुकते, गोळीचा कपचा बाजूला उडतो. कधी चक्रच फुटतं आणि बोटं किंवा डोळा जातो. खणात पडलेली तीस वर्षांची काडतुसं तर आणखी बेभरवशाची. बार लगेच उडत नाही, आणि माणूस नळीत डोकावतो.

मामांचं वाक्य मला आता पटत नाही. पुण्यात केळकर संग्रहालयात गेलात तर जुने दिवे, अडकित्ते, शस्त्रं बघायला मिळतात. दिनकर केळकरांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, आठवणीत तो संग्रह उभा केला. तिथले दिवे रोज पेटत नाहीत, अडकित्त्यांनी कुणी सुपारी कातरत नाही, तरी ते नुसतं लोखंड आणि पितळ आहे असं कुणाला वाटत नाही. नेमबाजीची हौस असेल तर तिची वाट वेगळी आहे. रीतसर रेंज, प्रशिक्षक, आधुनिक शस्त्र आणि कानाला संरक्षण. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं ते याच वाटेने.

मी आणि मामी दोन्ही रिव्हॉल्वरं, काडतुसांसह, पोलीस ठाण्यात जमा करून आलो. मामीच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही.

तुमच्या घरी जुनं शस्त्र असेल तर

- परवाना माणसाचा असतो, घराचा नाही. परवानाधारक गेल्यावर शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. ठेवायचं असेल तर वारसाने स्वतःचा परवाना काढावा लागतो.
- "जुनं आहे, शोभेचं आहे" म्हणून सूट मिळत नाही. दुरुस्त करूनही चालणार नाही, अशाच पुराण्या शस्त्राला कायद्यात सवलत आहे.
- लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढणं हा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.
- रेंजवर कानात फोमचे बोळे आणि वरून इअरमफ, दोन्ही घाला. नुसत्या कापसाने काही होत नाही.
- मोठ्या आवाजानंतर कान बंद झाला किंवा शिट्टी सुरू झाली, तर "उतरेल" म्हणून थांबू नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. औषधाचा उपयोग होण्याची शक्यता सुरुवातीलाच जास्त असते. फटाके आणि डीजे यांनाही हेच लागू आहे.
- घरात कुणी खूप निराश असेल, दारूच्या आहारी गेलं असेल किंवा विस्मरणाचा आजार असेल, तर परवाना असला तरी शस्त्र घराबाहेर ठेवण्याची व्यवस्था करा.

मामांची वही मात्र मी मागून घेतली. कोणतं शस्त्र कधी पुसलं, कधी तेल दिलं, सगळं तारीखवार. 1989 च्या दसऱ्याच्या ओळीत लिहिलंय, "एक बार. आवाज खणखणीत." ती वही मी माझ्या ऑडिओग्रामच्या फाइलमध्ये ठेवली आहे. एकाच बाराच्या दोन नोंदी आहेत त्या.

तेव्हा दवाखान्यात मी पुन्हा विचारलं तर रागावू नका, जरा मोठ्याने सांगा. आणि तुमचे कान सांभाळा.