उतरलेला घास

गेल्या पावसाळ्यात माझ्या वडील बंधूंच्या गळ्याखाली भाताचा घास उतरेनासा झाला. आरमोरीकडचे आमचे घर धानाचे. तेथे कर्त्या पुरुषाने पेजेवर दिवस काढावेत ही केवढी विटंबना! पुढे पेजही अडू लागली, तेव्हा दादांना नागपुरास नेले. दुर्बीण घालून पाहिल्यावर अन्ननलिकेचा कर्करोग, तोही बराच वाढलेला, असे निदान झाले. चाळीस वर्षांचा खर्रा! त्याने फार तर तोंड बिघडते, अशी आमच्याकडची भोळी समजूत.

‘आजच कापून काढा,’ असे आम्हा सर्वांचे मत. डॉक्टर म्हणाले, आधी औषध, मग शस्त्र. गाठ आक्रसली तर ती समूळ निघण्याची आशा वाढते, आणि अंगात इतरत्र पांगलेल्या सूक्ष्म पेशींवरही आधीच मारा होतो. मास्तरकीची खोड, मी वाचावयास बसलो. 2002 साली ‘लॅन्सेट’मध्ये एक ब्रिटिश प्रयोग प्रसिद्ध झाला होता. रुग्ण 802, निम्म्यांना शस्त्रक्रियेपूर्वी सिस्प्लॅटिन व फ्लुओरोयुरॅसिल यांचे दोन फेरे दिले होते. दोन वर्षांनी त्यांच्यातील शेकडा 43 हयात होते; थेट शस्त्रक्रिया झालेल्यांतील 34. मी हे मोठ्या उत्साहाने सांगितले. दादा शांतपणे म्हणाले, “त्या नवांत मी आहो का, हे लिहिलं हाये का तुह्या पुस्तकात?”

औषधाने केस गेले, ओकाऱ्यांनी माणूस पिळून निघाला. परंतु दुसऱ्या फेऱ्यानंतर घास उतरू लागला, आणि खरी अडचण तेथेच उभी राहिली!

“आता भात खाली जाते ना! मंग कापाकापी कायले?”

वाट मोकळी झाली म्हणजे रोग गेला असे नव्हे. नळीच्या भिंतीत, भोवतालच्या गाठींत तो दडून असू शकतो, आणि शस्त्रक्रिया काही आठवड्यांतच व्हावयास हवी, हे डॉक्टरांनी समजावले. अन्ननलिका काढून जठराचीच नळी करून वर ओढावयाची, पुढे जन्मभर थोडे थोडे, अनेकदा खावयाचे, हेही त्यांनी लपविले नाही. दादा मृत्यूला भ्याले नसतील. त्या थोड्या थोड्याला भ्याले. पंक्तीत शेवटी उठणारा माणूस तो! मला रागही आला, आणि त्या रागाची लाजही वाटली.

परवा वहिनींनी नव्या तांदळाचा भात केला. दादांनी दोनदा मागून घेतला. कोणी बोलेना. मी त्यांच्या ताटाकडे पाहत मनाशी दिवस मोजीत होतो. आचवून आल्यावर त्यांनी विचारले, “नागपूरची गाडी किती वाजता म्हणलास?”