सुधारलेली तब्येत

आपल्या समाजात माणूस आजारातून उठला की त्याच्या प्रकृतीचा अंदाज त्याच्या गालांवरून बांधण्याची रीत आहे. गाल भरले, सदऱ्याची बटणे ताणली, की ‘तब्येत सुधारली’ असे म्हणतात. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात गेली दोन वर्षे हे वाक्य आम्ही नित्य ऐकत आहोत. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, म्हणून आम्हीही हसून मान डोलावतो. मात्र आमच्या बाबतीत तब्येत अशी ‘सुधारणे’ ही कधीकधी डॉक्टरांना तातडीने कळवण्याची बाब असते, हे पायऱ्यांवर उभ्या उभ्या कोणाला आणि कसे समजावून सांगावे?

आमचे हृदय दुर्बल झाले आहे. या विकाराला ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात आणि त्या नावानेच घरातली माणसे अर्धमेली होतात. वास्तविक हृदय बंद पडलेले नसते. दिवसाला सुमारे एक लाख ठोके देण्याचे आपले काम ते इमानेइतबारे करीतच असते. निरोगी हृदयाचा डावा कप्पा एका ठोक्यात आपल्यातले ५५ ते ७० टक्के रक्त बाहेर ढकलतो; पहिल्या तपासणीच्या वेळी आमचा ३० टक्क्यांवर होता. रक्त कमी पोहोचू लागले की मूत्रपिंडांचा गैरसमज होतो. शरीरात पाण्याचा दुष्काळ पडला आहे असे समजून ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात. हे पाणी बहुधा आधी वजनात उतरते, मग घोट्यांवर, आणि पुढे रात्री आडवे झाल्यावर छातीत जाणवते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, इतका हा हिशेब सरळ आहे. पायांवर सूज दिसेपर्यंत शरीराने काही लिटर पाणी साठवलेले असते. म्हणून डोळ्यांपेक्षा वजनकाट्यावर अधिक विश्वास ठेवावा लागतो.

आमच्या न्हाणीघराबाहेर असा एक काटा आहे आणि त्याच्या शेजारी खिळ्याला दोरीने बांधलेली वही. रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, न्याहारीपूर्वी, त्याच साध्या कपड्यांत आम्ही काट्यावर उभे राहतो व आकडा लिहितो. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर फोन करायचा, असा डॉक्टरांचा हुकूम आहे. दोन वर्षांत तसा प्रसंग तीनदा आला. तिन्ही वेळा पाण्याच्या गोळीचे प्रमाण काही दिवस वाढवून भागले आणि रुग्णालयाची खाट टळली. आमची पत्नी या वहीला विनोदाने ‘आत्मपरीक्षणाची वही’ म्हणते.

पण सगळेच वजन पाण्याचे नसते, आणि खरी पंचाईत येथेच आहे. दोन वर्षांत आमच्या अंगावर सहा किलो मांसही चढले. पाणी दिवसांत येते व दिवसांत जाते. चरबी महिनोन्‌महिने गुपचूप येते आणि जायचे नाव घेत नाही. चालणे कमी झाले, दम लागेल या भीतीने जिना चढणे टळले, आणि आजाऱ्याला चांगलेचुंगले खाऊ घालण्याच्या हौसेने शेजारपाजारहून डबे आले. हृदयाची गती आवरणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळीनेही एखादा किलो वाढू शकतो, असे डॉक्टर सांगतात. पोट कमी व्हावे म्हणून पाण्याची जास्त गोळी घ्यावी असा सल्ला आम्हांला एका सद्‌गृहस्थाने दिला होता. हा सल्ला घातक आहे. त्या गोळीने चरबी उतरत नाही. रक्तदाब मात्र उतरतो आणि मूत्रपिंडे शिणतात.

वजनापेक्षा थकवा सांगणे अवघड. वजन काट्यावर दिसते, थकव्याला काटा नाही. आंघोळ करून टॉवेल खांद्यावर टाकला की दहा मिनिटे बसावे लागते. दुपारी वर्तमानपत्र हातातून गळून पडते. पाहणाऱ्याला हा धडधाकट, वजनदार गृहस्थ आळशी झालेला दिसतो. आम्हांला सर्वांत झोंबणारी गोष्ट म्हणजे धर्मग्रामात कोणाचे निधन झाले तर शवपेटीला खांदा देता येत नाही. तरुणपणापासून हे काम आम्ही कधी चुकवले नव्हते. आता आम्ही अंत्ययात्रेच्या मागे रिक्षातून जातो.

हा थकवा काही अंशी आजाराचा, काही अंशी त्या बीटा ब्लॉकर गोळीचा. ती गोळी सोडून द्यावी असे वाटण्याजोगे दिवस येतात, विशेषतः प्रमाण वाढवल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस. अशा वेळी आम्ही तिचा इतिहास आठवतो. दुर्बल हृदयाला ही गोळी देऊ नये, असेच वैद्यकशास्त्र पूर्वी मानत असे. १९७५ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे फिन वागस्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अवघ्या सात रुग्णांवर तिचा उपयोग झाल्याचे प्रसिद्ध केले. त्यावर फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. पुढे १९९९ साली हजारो रुग्णांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांत मृत्यूंचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने घटल्याचे दिसले, तेव्हा कोठे मत पालटले. त्यामागचे तत्त्व आमच्यासारख्या शेतकरी घरातल्या माणसाला चटकन पटते. बैल थकलेला, गाडी भरलेली, आणि गाडीवान चाबूक ओढतो आहे. दुर्बल हृदयावर शरीर असाच चाबूक ओढत असते. ही गोळी तो चाबूक काढून घेते. गाडी सुरुवातीला हळू चालते, पण बैल जगतो. गोळी एकाएकी बंद करणे धोक्याचे असते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आता मिठाविषयी. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, यापेक्षा कमी मीठ आम्हांला बांधून दिले आहे. ज्याच्या घरी पावसाळ्याची बेगमी म्हणजे सुके बोंबील, जवळा आणि खारवलेला मासा, त्याला हा केवढा दंड आहे ते वसईकराला सांगायला नको. शुक्रवारी मांस वर्ज्य करून खाऱ्या माशावर ताव मारला तर ख्रिस्तसभेचा नियम पाळला जातो, हृदयाचा मात्र मोडतो! ‘सैंधव चालते’ हा समजही सोडावा, तेही मीठच. बाजारातल्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते आणि हृदयाच्या काही औषधांबरोबर ते रक्तात धोकादायक वाढू शकते. आमच्या घरी आता कोकम, लिंबू, आले आणि कोथिंबीर यांवर स्वयंपाक निभावतो. पत्नी स्वतःही अळणीच जेवते. आम्ही नको म्हटले तरी ऐकत नाही.

उपवासकाळात आमच्यासारख्यांची ओढाताण होते. राखेच्या बुधवारी व शुभ शुक्रवारी साठाव्या वर्षात पदार्पण करीपर्यंत उपवास बंधनकारक आहे, आणि आम्ही अद्याप अठ्ठावन्नचे. परंतु आजाऱ्याला त्यातून सूट आहे. ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वीचा उपवासही असाच सौम्य होत आला. आमच्या आईवडिलांच्या काळी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. १९५३ साली पोप बारावे पायस यांनी पाण्याची मोकळीक दिली. १९५७ साली उपवास तीन तासांवर आला. १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी तो एका तासावर आणला. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये पाणी व औषध यांनी हा उपवास मोडत नाही असे स्पष्ट म्हटले आहे. वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना तर त्या तासाभरात काही खाल्ले असले तरी चालते. शुश्रूषा करणाऱ्यांचीही आठवण ठेवणारा हा नियम आम्ही पत्नीला दोनदा वाचून दाखवला. तरीही गोळी न घेता मिस्साला येणारी वयस्कर मंडळी आमच्या पाहण्यात आहेत. त्यांना हे कोणी तरी सांगावे. पाण्याच्या गोळीची अडचण वेगळी. ती घेतल्यावर दोन-तीन तास शौचालयापासून दूर जाता येत नाही. डॉक्टरांना विचारून आम्ही रविवारी ती मिस्सानंतर घेतो. गुडघे टेकता येत नाहीत, म्हणून मागच्या बाकावर बसतो. प्रकृतीच्या कारणास्तव तशी मुभा मिस्साविधीच्या नियमांतच आहे.

पूर्वी अशा रुग्णांना पडून राहायला सांगत. आता प्रकृती स्थिर असेल तर चालायला सांगतात. बोलता येईल इतक्याच वेगाने चालावे, असे मोजमाप डॉक्टरांनी दिले. आम्ही सायंकाळी रोझरी मोठ्याने म्हणत निघतो. ‘नमो मरिया’ मध्येच तुटली तर वेग कमी करतो. सुरुवातीला पहिले रहस्य संपण्याआधीच विहिरीच्या कठड्यावर बसावे लागे. सध्या गावाच्या वेशीवरच्या क्रूसापर्यंत, म्हणजे चार रहस्ये, आम्ही न थांबता जातो. पाचवे तेथल्या ओट्यावर बसून म्हणतो, आणि परतीला पत्नी टॉर्च घेऊन समोर येते.