आईच्या हातावरची चिकटपट्टी

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तापाने थकलेल्या आईला मी घरीच सलाईन लावले होते. दुसऱ्या दिवशी सुई काढली आणि नेहमीच्या सवयीने हातावरची चिकटपट्टी एका झटक्यात ओढली. पट्टीबरोबर रुपयाएवढी कातडी सुटली आणि एका कडेला लोंबू लागली. आई एवढेच म्हणाली, "असू दे रे, म्हातारी कातडी ती." अठ्ठावीस वर्षे रुग्णसेवा करणाऱ्या मला मात्र मान वर करवेना.

त्वचेची रचना मी महाविद्यालयात शिकलो होतो. वर बाह्यत्वचा, तिच्याखाली अंतस्त्वचा आणि तळाशी मेदाचा थर. वरच्या दोन थरांमधली सीमा सपाट नसते. खालच्या थराचे उंचवटे वरच्या थराच्या खाचांत बसलेले असतात, सुताराने घट्ट बसवलेल्या सांध्यासारखे. वयाबरोबर हे उंचवटे सपाट होतात, अंतस्त्वचेतले कोलॅजन घटते, मेदाची गादी झिजते. मग कागदावर कागद ठेवावा तसे ते थर एकमेकांवरून सरकतात. अशा त्वचेला खुर्चीची कड, बांगडी किंवा सेवा करणाऱ्याचे वाढलेले नखही पुरते. वृद्धांच्या हातांवरचे जांभळे डागही बहुधा यामुळेच उमटतात. आधार गेलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या किरकोळ धक्क्याने फुटतात.

मी जखम सलाईनने धुतली, सुटलेली कातडी ओल्या बोळ्याने अलगद जागेवर पसरली, न चिकटणारी जाळीची पट्टी ठेवून वर सैल बँडेज गुंडाळले. जखम भरायला तीन आठवडे लागले. घरी असे घडले तर सुटलेली कातडी कापू नये. ती झाकून डॉक्टरांना दाखवावी.

त्यानंतर आमच्या घरातल्या काही सवयी बदलल्या. चिकटपट्टी काढण्यापूर्वी तिच्या कडेला तेल लावायचे, एका हाताने त्वचा दाबून धरायची आणि पट्टी वर न ओढता त्वचेलगत मागे दुमडत न्यायची. आईला उठवताना दंड किंवा मनगट धरून ओढायचे नाही; खांद्यामागे आणि पाठीला आधार द्यायचा. अंघोळीला कोमट पाणी, साबण बेताचा, अंग टिपून घ्यायचे आणि ते किंचित ओलसर असतानाच मलम किंवा तेल हलक्या हाताने लावायचे.

आईने तेव्हा तक्रार केली नाही. अनेक वृद्ध करीत नाहीत; घरच्यांना त्रास नको, ही त्यांची समजूत असते. म्हणून अंघोळीच्या वेळी त्यांचे हातपाय आपणच न्याहाळावेत.

आता अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला पाहायला गेलो, की नाडी पाहण्याआधी मी सेवा करणाऱ्यांची बोटे पाहतो. नखे वाढलेली दिसली, तर माझी पहिली सूचना औषधाची नसते. नेलकटर आणायची असते.