अंड्यांचा मोह

रानातील पक्षी आणि त्यांची अंडी यांविषयी लहान मुलांना वाटणारी ओढ वडीलधाऱ्यांच्या दप्तरी बहुधा खोड्यांच्या खात्यावर जमा होते. परंतु पक्ष्यांच्या विणीचा अभ्यास करण्यात ज्याची हयात गेली, त्या माझ्यासारख्या माणसाला या ओढीत पक्षिशास्त्राचा उगमच दिसतो. पक्षी दिसतो न दिसतो तोच उडून जातो. अंडे मात्र जागच्या जागी राहते, तळहातावर मावते आणि आपल्या आत काय चालले आहे याचा बाहेर मागमूसही लागू देत नाही. जे हाताशी असूनही गूढ राहते, त्याचा मोह बालमनाला पडावा यात नवल ते कोणते?

मुलाचा पहिला प्रश्न रंगाचा असतो, आणि तो शास्त्रज्ञांनाही दीर्घकाळ पुरलेला आहे. यच्चयावत पक्ष्यांच्या अंड्यांवरील वर्णवैभव मुख्यत्वे दोनच रंगद्रव्यांतून निर्माण होते. एक तांबूस-तपकिरी, दुसरे निळसर-हिरवे. खंड्या दरडीत बीळ कोरतो, पोपट झाडाच्या ढोलीत संसार थाटतो. तेथील अंधारात अंडी लपविण्याचे प्रयोजनच नसल्यामुळे ती पांढरीशुभ्र असतात. सातभाईची अंडी निळी, आणि त्याच्या घरट्यात चोरून अंडे ठेवणाऱ्या पावश्याचेही अंडे निळेच. त्यामुळे यजमानाला आपल्या घरी परका जीव वाढतो आहे याचा संशयही येत नाही. टिटवीची तऱ्हा आणखी निराळी. उघड्या माळावर किंवा आटलेल्या तळ्याच्या काठी, जमिनीतल्या साध्या खळग्यात ती बहुधा 4 अंडी घालते, त्यांची निमुळती टोके मध्यभागी येतील अशी मांडते, आणि त्यांचा मातकट रंग व काळसर ठिपके भोवतालच्या खड्यांशी असे एकजीव होतात की, शोधणाऱ्याचा पाय त्यांवर पडण्याची वेळ आली तरी त्याला पत्ता लागू नये. वैशाखातले ऊन असह्य झाले म्हणजे हा पक्षी पाण्यात पोट भिजवून येतो आणि त्या ओलाव्याने अंड्यांचा दाह शमवितो. पंचतंत्रातील टिटवीने अंड्यांसाठी समुद्राशी वैर मांडले. माळावरच्या टिटवीची निष्ठा त्या कथेहून तिळमात्र उणी नाही.

अंडी गोळा करण्याचा छंद एके काळी प्रौढांचा, किंबहुना प्रतिष्ठितांचा होता. इटाव्याचा कलेक्टर आणि पुढे हिंदुस्थान सरकारचा सचिव ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, ज्याला आपण 1885 साली स्थापन झालेल्या काँग्रेसचा एक संस्थापक म्हणून ओळखतो, त्याने मुलुखभरच्या अंमलदारांकडून आणि हौशी संग्राहकांकडून पक्ष्यांची कातडी, घरटी व अंडी सिमल्यास आणविली आणि अखेर तो सारा संग्रह ब्रिटिश म्यूझियमच्या हवाली केला. त्यात नुसती अंडीच 18,000 हून अधिक होती. विलायतेतील अशा जुन्या संग्रहांचा पुढे एक अकल्पित उपयोग झाला. 1967 साली डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञाने बहिरी ससाण्याची जुनी व नवी टरफले ताडून पाहिली, तेव्हा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत ती एकाएकी पातळ झाल्याचे उघडकीस आले. अंडी उबविणाऱ्या पक्ष्याच्याच भाराने ती फुटत होती, आणि त्याचे मूळ शेतांवर फवारल्या जाणाऱ्या डीडीटीत होते.

तथापि संग्रहांच्या या पुण्याईवर आजच्या मुलाला अंडी उचलण्याची मोकळीक मिळत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्ष्यांची अंडी नासविणे किंवा घरट्यांना उपद्रव देणे यांची गणना थेट शिकारीत केली आहे. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी उचललेले अंडे मुलाला फारसे काही शिकवीत नाही. घरट्यात राहिलेले अंडे पुष्कळ शिकविते. सलीम अलींनी 1930 च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरणीच्या घरट्यांवर पाळत ठेवली, तेव्हा नर घरटे अर्धवट विणून मादीची वाट पाहतो, तिला ते पसंत पडले की पुरे करतो आणि ती अंड्यांवर बसताच दुसरे घर विणावयास घेतो, हा त्या पक्ष्याचा खरा गृहस्थाश्रम त्यांना उमगला. चोरलेल्या अंड्यांतून तो कोणालाही उमगला नसता.

म्हणून आईबापांना आणि शिक्षकांना माझी विनंती एवढीच की, मुलाच्या या कुतूहलावर केवळ मनाईहुकूम बजावू नये. त्याला एक वही द्यावी. घरटे कोणत्या झाडावर, किती उंचीवर, त्यावर बसतो कोण, पिलांना चारा कोणता येतो, याची तारीखवार नोंद त्याला करू द्यावी. टिटवी डोक्यावर घिरट्या घालीत टाहो फोडू लागली की आपण फार जवळ आलो असे समजून मागे फिरावे, कारण आपल्या पावलांवर कावळ्याचीही नजर असते, हेही त्याला सांगावे. इतके केले तर अंडी घरट्यात सुरक्षित राहतील आणि मुलाचे कुतूहलही मरणार नाही.