बटण बिचारं निर्दोष

२०१३च्या मेमध्ये ४७.९ अंश सोसलेलं हे नागपूर. दुपारी कूलरशिवाय बसणं अशक्य, आणि कूलरसमोर बोटं कायम दमट. मग लॅपटॉपच्या स्क्रीनवरचा बाण वाट्टेल तिथे उड्या मारतो. साधा टचपॅड दाब मोजतच नाही. बोट टेकल्यावर विद्युतधारितेत होणारा बदल टिपतो. ओल्या थरानेही तो फसतो. कोरड्या फडक्याने पुसलं, जरा शांत झाला. चार्जर काढला तर अगदीच शहाणा! म्हणजे अर्धं दुखणं घराच्या अर्थिंगचं. (जुनी घरं, दुसरं काय.)

डावं बटण मात्र दाबलं तरी टक् म्हणेना. पॅडची खालची कड नखाला लागेल इतकी वर आलेली. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, त्याने काय होणार? बर्डीतल्या कारागिराने तळाचे स्क्रू काढले, तर आत बॅटरी पुरीसारखी टम्म. आतल्या वायूने फुगून तीच पॅडला खालून ढकलत होती.

तुमच्याही पॅडची कड उचलली असेल, तर दाबून बसवू नका. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि आधी बॅटरी बदला.